चेहरा काळा राहू दे

रफीकभाऊ, तुम्ही गेल्याची बातमी पेपरात आली ती तुमच्या पासपोर्ट फोटोसकट. मान जरा वाकडी, कॉलरचं एक टोक आत गेलेलं, मागे आपल्या स्टुडिओचा निळा पडदा. बँकेच्या कामासाठी घाईघाईत मीच काढला होता. चाळीस वर्षं रात्री-बेरात्री चंद्रपूरभर फिरून लोकांचे फोटो काढलेत आणि स्वतःचा एक धड फोटो मागे ठेवला नाहीत. आता भोगा. शमीमभाभींनी मला विचारलं, दुसरा नव्हता का? मी म्हटलं, नव्हता.

तुम्हाला कबरस्तानात नेलं तेव्हा मी बाहेर रस्त्याच्या कडेला उभी होते. बायका आत जात नाहीत. तीस वर्षं तुमच्या हाताखाली काम केलं, पण मूठभर माती टाकता आली नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. आत गेले असते तर चारचौघांत रडावं लागलं असतं, आणि मला त्या दिवशी रडायचं नव्हतं, भांडायचं होतं. भांडण अर्धं टाकून निघून जायची तुमची खोड जुनीच, पण या वेळी हद्द केलीत.

कॅमेरा क्लबवाले तुमच्या नावानं स्मरणिका काढताहेत. मुखपृष्ठावर त्यांना बल्लारपूरचा तो फोटो हवाय. मी सांगितलं, निगेटिव्हला बुरशी लागली. खोटं सांगितलं. निगेटिव्ह माझ्या कपाटात आहे, पाकिटावर तुमच्या अक्षरात 'बल्लारपूर, रात्र' लिहिलेलं. फोटो मिळत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, मग ताई, एक पान तरी लिहा, सर कसे होते ते. तर लिहायला बसले आहे. तुम्ही कसे होता हे त्यांना यातून कितपत कळेल ठाऊक नाही. मी कशी आहे ते कळेल.

मी तुमच्याकडे आले तेव्हा बारावी नापास होऊन घरी बसले होते. बाबूपेठेतल्या आमच्या गल्लीत नापास पोरीला दोनच रस्ते होते, लग्न नाहीतर शिवणयंत्र. निगेटिव्हवर पेन्सिलीनं डाग झाकायला कोणीतरी बारीक हाताचं माणूस हवंय असं तुम्ही कोणाला तरी बोललात आणि ते फिरत फिरत आमच्या घरी आलं. बाबा खाणीत कामाला. अंधारात काय चालतं ते मला सांगू नका, असं ते म्हणायचे. मला पाठवण्याआधी ते स्वतः डार्करूम बघायला आले. आत जाऊन, दार लावून, लाल बल्बखाली तासभर एकटे बसून राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी एकच गोष्ट विचारली. पोरगी आत असंन तवा तुम्ही कुठी असान?

तुम्ही दाराजवळचं स्टूल दाखवलंत. म्हणालात, "काका, कडी आतून राहीन. मी इथी. मी आत पाय नाई टाकत."

आणि खरंच नाही टाकलात. तीस वर्षं. बाबा गेले, माझे केस पांढरे झाले, भाभी स्वतः हसायच्या की आता तरी आत जाऊन बघा काय करते ती, तरी नाही. मी आत असले की सगळं काम प्लायवूडच्या दारातून आवाजानं चालायचं. वंदना, आकाश थोडं दाब, लय पांढरं हाय. वंदना, किती सेकंद दिले? ट्रेमधल्या पाण्याच्या आवाजावरून मी घाई करतेय की नाही ते तुम्हाला बाहेर कळायचं. लोक बोलायचे ते बोललेच. एक मुसलमान माणूस, एक आमच्यातली बिनलग्नाची बाई आणि एक अंधारी खोली, एवढं सामान गावाला पुरतं. आपण मात्र एका दाराच्या दोन बाजूंना म्हातारे झालो.

तुम्ही प्रेमळ होता, असं शोकसभेत तीन जणांनी सांगितलं. मी मागे बसून ऐकत होते. प्रेमळ! प्रिंट वाळला की तुम्ही तो खिडकीपाशी न्यायचात, एकदा बघायचात आणि मधोमध फाडायचात. "राखाडी हाय," एवढंच म्हणायचात. काळं काळंच हवं आणि पांढरं पांढरंच, मधलं काही तुम्हाला खपायचं नाही. काय चुकलं ते सांगायचं नाही, पुन्हा कर म्हणायचं नाही, नुसता फाडायचा आणि दुकानाकडे वळायचं. पहिली काही वर्षं मी मोरीत जाऊन रडायचे. मग रडणं सोडलं. मग मनात धरलं की एक तरी प्रिंट असा काढीन की या माणसाचा हात उचलणारच नाही. असं मनात धरू नये, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

दिवसा लग्नं, बारशी, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो. दुकान बंद झालं की तुम्ही जुन्या स्कूटरवर निघायचात. मे महिन्यात गोल बाजारात बंद शटरसमोर हातगाड्यांवर झोपलेले हमाल, जटपुरा गेटच्या कमानीखाली रात्रीचा शेवटचा चहा उकळणारा माणूस, तिसऱ्या पाळीला निघालेले खाण कामगार, बसस्टँडवर सामानावर डोकं ठेवून पडलेली कुटुंबं. एकदा मी विचारलं, आता सगळं रंगीत मिळतं, मोबाइलवर मिळतं, तुम्ही अजून मुंबईहून काळीपांढरी फिल्म कशाला मागवता? तुम्ही म्हणालात, "चंद्रपुरात रंग कुठी हाय? दिवसा धूळ, रात्री अंधार."

मी या गावची रात्र पाहिली ती ट्रेमध्ये. बाईमाणूस रात्री कुठे फिरणार? तुम्ही आणायचात आणि मी पाण्यात उगवताना बघायचे. माझ्याच घरापासून दहा मिनिटांवरची गल्ली मला तुमच्या फोटोतून कळली. हे उपकार आहेत तुमचे, आणि मी ते नाकारत नाही. एकदा तर तुम्ही मला आणि भाभींना ब्रह्मपुरीकडे झाडीपट्टीचं नाटक बघायला नेलंत. धानाच्या कापलेल्या बांधीत मंडप, पाच-सात हजार माणसं घोंगड्या पांघरून बसलेली, पहाटे तीन वाजता व्हिलन मरत होता आणि आमच्या पुढची म्हातारी त्याला मोठ्यानं शिव्या देत होती. तुम्ही नाटकाकडे पाठ करून त्या म्हातारीचे फोटो काढत होता. तो प्रिंट तुम्ही फाडला नाहीत. पण चांगला झालाय असंही म्हणाला नाहीत.

आणि मग गटाराचा किस्सा. कस्तुरबा रोडला एक दारुडा नालीत पडला होता, तोंड पाण्याच्या बोटभर वर. तुम्ही आधी फोटो काढलात, मग त्याला ओढून बाहेर काढलंत. तो प्रिंट करताना माझं डोकं फिरलं. मी आतूनच ओरडले की मेला असता तर? तुम्ही बाहेरून शांतपणे म्हणालात, "मेला नाई ना. उचलल्यावर फोटो कसा निघंन?" त्या दिवसापासून मी तुम्हाला निर्दयी म्हणायला लागले. वर्षानुवर्षं म्हटलं. लोकांच्या दुःखावर जगता, म्हटलं. तुम्ही ऐकून घ्यायचात. 'निर्दयी' हा शब्द मीच इतक्या वेळा वापरला की तो माझ्यावर कधी येईल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मग जिल्ह्यात दारूबंदी आली. बार बंद झाले, पाट्या उतरल्या, रस्त्यावरचे दिवे गेल्यासारखं झालं. बाकी सगळे म्हणत होते गाव सुधारलं. तुम्ही एकटे खूश होता, की आता खरी रात्र सुरू झाली. जी गोष्ट उजेडात विकत होती ती अंधारात गेली, आणि तुम्ही तिच्यामागे. तेलंगणाकडून येणारी गाडी रात्री बल्लारपूरला थांबायची. तिच्यातून बायका उतरायच्या, पन्नाशीच्या, साठीच्या, सगळ्यांची पोटं पुढे आलेली. लुगड्याच्या आत फडक्यानं दारूचे पव्वे बांधलेले. स्टेशनबाहेर एका टिनाच्या छपराखाली त्या फडकं सोडायच्या आणि पुन्हा सडपातळ होऊन घरी जायच्या. पोलिसांना ठाऊक, ऑटोवाल्यांना ठाऊक. फोटो कोणी काढला नव्हता. तुम्ही काढलात.

फोटोत त्यांच्यातली एक, विमलबाई, भिंतीला टेकून उभी आहे. पदर बाजूला, दोन्ही हात पोटाच्या गाठीवर, गाठ अर्धी सुटलेली. खांबावरचा दिवा नेमका पोटावर आणि हातांवर पडलाय. चेहरा छपराच्या सावलीत. तुम्ही सांगितलंत की शेजारच्या ऑटोवाल्यानं तिला विचारलं, काकू, कितवा महिना? आणि ती हसली, त्या क्षणी बटण दाबलं. ती का हसली हे जगात तेव्हा तिघांनाच ठाऊक होतं, आणि चौथी मी.

नागपूरच्या प्रदर्शनात तुमचे बारा फोटो घेतले होते. पार्सल सकाळच्या पहिल्या एसटीनं जाणार. मी रात्री आत, तुम्ही स्टुलावर. बल्लारपूरची निगेटिव्ह लावली तेव्हा तुम्ही दारातून सांगितलंत. मला शब्दन् शब्द आठवतो.

"वंदना, चेहरा काळा राहू दे. पोट अन् हात दिसले पाह्यजे. चेहरा नको. तिले घर हाय."

मी हो म्हटलं. आणि तसा एक प्रिंट काढला. चांगला होता. तुम्हाला आवडला असता, फाडला नसता. पण निगेटिव्हमध्ये त्या सावलीत काहीतरी आहे हे मला दिसत होतं. तुमच्या डोळ्याला बाहेरून दिसलं नसतं, ते फक्त एन्लार्जरखाली, मोठं झाल्यावर दिसतं. मी तारेला पुठ्ठ्याचा गोल तुकडा चिकटवला, नखाएवढा, आणि कागदावर उजेड पडत असताना तो तिच्या तोंडावर धरून हलवत राहिले, म्हणजे तेवढ्या भागाला उजेड कमी मिळतो आणि काळं उकलतं. पहिल्या वेळी डाग आला. दुसऱ्या वेळी नाक. पाचव्या वेळी डेव्हलपरमध्ये तिचा चेहरा वर आला, पुढचा पडलेला दात, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, आणि ते हसू. रफीकभाऊ, त्या वेळी मला विमलबाई दिसली नाही. मला माझा हात दिसला. इतका साफ प्रिंट या जिल्ह्यात कोणी काढला नसेल, असं मी ओल्या कागदाला म्हटलं.

तुम्ही बाहेरून विचारलंत, झालं का? मी झालं म्हटलं. तुम्ही आत येणार नव्हता, म्हणून बघणार नव्हता. आपल्या त्या सोवळ्या दारानं मला आडोसा दिला. सकाळी मी बाराही प्रिंट बटर पेपरमध्ये घालून, पुठ्ठ्यात दाबून, टेप मारून तुमच्या हातात दिले. काळ्या चेहऱ्याचा प्रिंट मी घरी नेला आणि चुलीत घातला.

तुम्ही तो चेहरा पहिल्यांदा पाहिलात तो नागपूरच्या भिंतीवर. इस्त्रीचा शर्ट घालून गेला होता. रात्री परत आलात, स्टुलावर बसलात, आणि मी आत असताना दारातून एकच शब्द म्हणालात, "चेहरा." मी हो म्हटलं. मग म्हणालात की तिथूनच तुला फोन करणार होतो, फोटो उतरवतो म्हणून. मी विचारलं, मग का केला नाही? तेव्हा जे बोललात ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

"सारे लोकं त्याच फोटोपाशी उभे होते, वंदना. तुह्या हातचं असं काम मी पाह्यलं नव्हतं. मले उतरवता नाई आला."

तीस वर्षांत तुम्ही केलेली ती एकुलती एक स्तुती. मी कडी काढली नाही. आत उभी राहून मी खूश झाले, हे खरं आहे आणि ते इथे लिहायलाच हवं.

चौथ्या दिवशी एका पेपरनं तो फोटो अर्धं पान छापला, खाली तुमचं नाव. माझं नाव कुठेच नव्हतं. माझं नाव कधीच नसायचं, त्यावरून मी तुमच्याशी किती भांडले होते, प्रिंट करणाऱ्याचंही नाव टाका म्हणून. त्या सकाळी पेपर बघितला आणि पहिल्यांदा बरं वाटलं की नाही टाकलं.

विमलबाईला पोलिसांनी नेलं, काही दिवसांनी सोडलं. ते काही एवढं मोठं नव्हतं. मोठं ते ब्रह्मपुरीत झालं. तिची एकुलती एक पोरगी कविता तिथे दिलेली. आई मेसमध्ये रात्रीचा स्वयंपाक करते असं कविताला वाटत होतं. सासू मोहल्ल्यातल्या दारूबंदीच्या बायकांची पुढारी. तिनं पेपर सुनेसमोर ठेवला आणि सांगितलं, आई पाह्यजे की घर पाह्यजे ते सांग. कवितानं घर निवडलं. पदरात सहा महिन्यांचं लेकरू असलेल्या पोरीनं दुसरं काय निवडावं?

तुम्ही ब्रह्मपुरीला गेलात. जीपमध्ये कोंबून, उन्हात. त्या सासूसमोर उभं राहून तुम्ही, ज्यानं आयुष्यात राखाडी रंग सहन केला नाही त्या माणसानं, धडधडीत खोटं सांगितलंत की फोटोतली बाई वेगळी आहे, तुमची विहीण नव्हे. सासूनं कात्रण काढलं. ती काही राक्षसीण नव्हती, असं तुम्हीच मला सांगितलंत. ती म्हणाली, "भाऊ, चेहरा आरशावानी साफ हाय. अन् हे पाहा, हसून राह्यली. माया नवरा गेला दारूपायी, अन् हे बाई हसून राह्यली."

काळ्या चेहऱ्यात हसू नव्हतं. ते मी काढलं होतं, पाचव्या प्रयत्नात. परत येऊन तुम्ही स्टुलावर बसलात आणि दाराला म्हणालात, "लय साफ निघाला वं." मी नळ सोडून ठेवला, तुमचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून.

मग आपण भांडलो. मी म्हणायचे, तुम्ही भिंतीवरून उतरवला असता तर. तुम्ही म्हणायचात, तू काळा ठेवला असता तर. पाळीपाळीनं. दोघंही खरं बोलत होतो, म्हणून ते भांडण संपत नव्हतं. एक दिवस तुम्ही म्हणणं सोडलंत. मी नाही सोडलं. मी अगदी शेवटच्या महिन्यापर्यंत, तुम्ही डायलिसिस करून घरी पडून होता तेव्हासुद्धा, चादर नीट करता करता म्हणाले की उतरवला असतात तर. भाभी स्वयंपाकघरात होत्या. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. त्याबद्दल माफी मागायची होती, ती राहिली.

तुम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बल्लारपूरला जायला लागलात. पेपर मिलच्या मागच्या वस्तीत विमलबाईच्या दारात एक दगड आहे, त्यावर बसायचात. ती उंबऱ्यात उभी राहून शिव्या द्यायची, तासभर, दम लागेपर्यंत. तुम्ही ऐकून परत यायचात आणि मला त्यातल्या निवडक सांगून हसायचात. एकदा तिनं सांगितलं, तुह्ये डोळे फुटतीन. पुढे तुमचे डोळे गेलेच. साखरेनं गेले, डॉक्टरनं चार वर्षं आधीच बजावलं होतं, तुम्ही जिलेबी सोडली नाहीत. पण तिला वाटतं तिच्या शिवीनं गेले. डोळ्यांना धुकं आल्यावरही तुम्ही कंडक्टरचा हात धरून जातच राहिलात. मी एकदा विचारलं, तिला खरं का सांगत नाही, की चेहरा मी काढला? तुम्ही म्हणालात, "सांगून काय करू? तिले शिव्या द्याले एक माणूस पुरे हाय."

त्या फोटोनंतर तुम्ही रात्री माणसांचे फोटो काढले नाहीत. नुसती शटरं, कुलपं, रिकाम्या खुर्च्या. क्लबवाले त्याला तुमचा शेवटचा टप्पा म्हणतात. शोकसभेत एकानं त्यावर दहा मिनिटं भाषण केलं. मला हसू आवरेना म्हणून मी पदर तोंडाला लावला आणि शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. डोळे पुरते जायच्या आधीच बंदी उठली, हे तर तुम्हाला दिसलंही होतं. स्टेशनबाहेर आता परवान्याचं दुकान आहे, निळ्या-लाल दिव्यांची पाटी. ज्या गोष्टीसाठी कविताला आई सोडावी लागली ती आता त्या पाटीखाली रांगेत विकत मिळते.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी एक म्हातारी दुकानात आली. मी तिला प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं, तरी दारातच ओळखलं. तो चेहरा माझ्याइतका कोणाला पाठ असणार? आता आणखी दोन दात कमी होते. तिनं विचारलं, रफीक फोटोवाला मेला म्हणते, खरं हाय का? मी हो म्हटलं. ती बाकावर बसली.

"मायी शिवी लागली का वं त्याले?"

मी सांगितलं, नाही, साखर होती, किडनी गेली होती. तिला ते पटलं नाही. ती चप्पल बोटांनी पुढे-मागे करत राहिली. मग म्हणाली, "पण केलं तं त्यानंच नं सारं?" मला वाटतं तिला तेवढंच हवं होतं. शिवी लागली असेल तर ती योग्य माणसाला लागली, एवढं कोणीतरी सांगायला हवं होतं.

दुकानात आम्ही दोघीच होतो. डार्करूमचं दार उघडं होतं, स्टूल रिकामं. मी म्हटलं, हो.

"मंग बरं झालं मेला," ती म्हणाली. आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी पाणी दिलं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आता मायाकडे दर महिन्याले कोण येईन?"

हे मी इथे लिहितेय ते छापून येईल. क्लबवाले काना-मात्रा न बदलता छापतील, तसं वचन घेतलंय. मोठं धाडस केलं असं कोणाला वाटायला नको. विमलबाईला वाचता येत नाही. तिला पेपर वाचून दाखवणारी एकच होती, ती ब्रह्मपुरीला आहे, आणि ती तिथून येत नाही याची व्यवस्था आपण दोघांनी मिळून केली. चंद्रपूरला सगळ्यांना कळेल. बल्लारपुरात त्या एका घराला कळणार नाही. म्हणूनच माझा हात इतका सरळ चालतोय.

परवा महिन्याचा पहिला रविवार होता. मी बल्लारपूरला गेले. सांगायचं ठरवून गेले होते. बसमध्ये वाक्य जुळवत होते, की विमलबाई, भाऊंनी चेहरा काळा ठेवायला सांगितला होता. तिनं मला दगडावर बसू दिलं नाही. आत बोलावलं, शेजारून प्लॅस्टिकची खुर्ची मागून आणली, गुळाचा चहा केला. माझी आई आहे का, पाय दुखतात का, सगळं विचारलं. मग खाली बसून तिनं तुम्हाला शिव्या द्यायला सुरुवात केली, सावकाश, आता घाई नसल्यासारख्या. तुमच्या डोळ्यांना, हातांना, तुमच्या कबरीला. मध्ये थांबून तिनं मला विचारलं, "बरोबर नाई का, बाई?"

मी म्हटलं, "बरोबर."

तिनं माझ्या कपात आणखी चहा ओतला. मी तो प्यायले.